अंजदीवची छावणी

कारवारच्या दक्षिणेस, बिणगे गावासमोर समुद्रात सुमारे दीड किलोमीटर लांबीचे एक बेट आहे. त्याचे नाव अंजदीव. खडकाळ टेकडी, उतारावर माड, पायथ्याशी वाळूची चिंचोळी पट्टी आणि, खाऱ्या समुद्राच्या मध्यभागी नवल वाटावे असे, गोड पाणी. या पाण्यासाठीच शतकानुशतके गलबते येथे नांगर टाकीत आली. नावाच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. कोणी ते ‘आज्यद्वीप’ म्हणतात, कोणी श्री आर्यादुर्गेच्या नावाशी त्याचा संबंध जोडतात. तर मलबारी खलाशांच्या ‘अंजु’ म्हणजे पाच या शब्दावरून ‘पाच बेटे’ असा अर्थ काही पंडित लावतात. कारवारच्या समुद्रात आणखीही बेटे आहेत हे खरे. तथापि नावाचा हा वाद येथे सोडवण्याची आवश्यकता नाही.

देवीच्या वास्तव्याचा प्रश्न मात्र तसा सोडून देता येत नाही. अंकोल्याची श्री आर्यादुर्गा मूळची अंजदीवची, आणि पोर्तुगीजांच्या उपद्रवामुळे तिला मुख्य भूमीवर आणले, अशी भक्तमंडळींची परंपरा आहे. तिला कागदाचा आधार कितपत मिळतो, हे पाहणे आम्हांला कर्तव्य वाटते. १३४२ च्या सुमारास इब्न बतूता गोव्याहून होनावरकडे जाताना एका लहान बेटावर उतरला. तेथे त्याला देऊळ, बाग व पाण्याचा तलाव दिसला, आणि दोन मूर्तींच्या मध्ये भिंतीला टेकून बसलेला एक मौनी जोगी भेटला. जोग्याने पाहुण्यांना नारळ दिला. पैसे मात्र घेतले नाहीत. हे बेट अंजदीवच असावे असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे १४९८ त वास्को द गामा परतीच्या वाटेवर येथे थांबला, तेव्हा त्याच्या ताफ्यातील एका अनामिक रोजनिशीकाराने घडीव दगडांची एक मोडकी वास्तू आणि त्याच घडणीचे एक टाके पाहिले. वास्तूचा एक भाग गवताने शाकारलेला होता, आणि लोक तेथे तीन काळ्या पाषाणांची पूजा करीत होते. हे देऊळ पूर्वीच्या मुसलमानी स्वारीत मोडले, असे तेथील लोकांनीच त्यास सांगितले.

या नोंदीचा अर्थ सरळ आहे. मूळ दगडी देवालयाच्या विध्वंसाचा दोष पोर्तुगीजांच्या माथी मारता येत नाही. ते येण्यापूर्वीच ते मोडलेले होते. परंतु देवस्थान मोडले तरी पूजा मोडली नव्हती, गवताच्या छपराखाली ती चालूच होती, हेही त्याच नोंदीवरून सिद्ध होते. पुढे सप्टेंबर १५०५ त आल्मेदाने तेथे किल्ला बांधण्यास घेतला. दुसऱ्याच वर्षी तो पाडूनही टाकला. देवीचे स्थलांतर या धामधुमीत झाले असावे असे मानले, तर परंपरा आणि कागद यांत विरोध उरत नाही. साक्षीदार शत्रुपक्षाचा असला म्हणजे त्याची अनुकूल साक्ष अधिक मोलाची, हे आमच्या व्यवसायात कोणासही सांगावे लागत नाही.

आता ज्या छावणीचे नाव या लेखास दिले आहे तिच्याकडे वळू. २३ जून १६६१ च्या तहान्वये पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली गेली आणि तिच्या आंदणात मुंबई बेट गेले, हे शाळेतील मुलेही जाणतात. आंदण पदरात पडण्यापूर्वी त्यापायी किती माणसे मेली, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. ताबा घेण्यासाठी अर्ल ऑफ मार्लबरोच्या ताफ्यातून सर अब्राहम शिपमन चारपाचशे शिपाई घेऊन १६६२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मुंबईस पोहोचला. पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनियु द मेलु द काश्त्रु याने ताबा देण्याचे साफ नाकारले. अधिकारपत्राचा नमुना ठरल्याप्रमाणे नाही, असा त्याचा आक्षेप! शिवाय आंदणात साष्टी व ठाणे धरायचे की केवळ मुंबई, हाही तंटा होताच. कागदातील उणीव दाखवून अशिलास वेळ मिळवून देणारे वकील आम्ही पुष्कळ पाहिले आहेत; पण या व्हाइसरॉयचा हात कोणी धरील असे वाटत नाही. अर्थात त्याचे अंतःकरण निराळेच बोलत होते. इंग्रज मुंबईत बसले की पोर्तुगालच्या हातून हिंदुस्थान गेलाच, असे त्याने आपल्या राजास कळविले होते, आणि ते त्याचे भाकीत अगदीच पोकळ ठरले नाही.

शिपाई जहाजावर किती दिवस ठेवणार? शिपमनला सुरतेस उतरावयाचे होते. तापीच्या मुखाशी वाळूचे दांडे असल्याने मोठी जहाजे सुवाळीच्या बंदरात उभी राहत. आज त्या किनाऱ्यावर सहलीला मंडळी जातात. पण सुरतेच्या इंग्रज वखारीचा नुकताच आलेला प्रमुख सर जॉर्ज ऑक्झेंडन याने हात जोडले. मोगल अधिकाऱ्यांस परकी फौज किनाऱ्यावर उतरलेली खपणार नव्हती. वखारीचा व्यापार, कदाचित माणसेही, धोक्यात आली असती. व्यापाऱ्याने राजाच्या सैन्यास दार लावले, आणि १६६२ सरत असताना ते सैन्य ओसाड अंजदीववर जाऊन राहिले. मार्लबरो ताफ्यासह मायदेशी परतला.

बेटावर राहुट्या टाकून चार दिवस काढणे सुखाचे असते, यात शंका नाही. माडांची सावली, रात्रीचा वारा, लाटांचा नाद. हिवाळ्यातील पहिले आठवडे त्या परक्या शिपायांनाही कदाचित असेच गेले असतील. पण कोकणचा पाऊस ज्याने झोपडीत काढला आहे, त्यास पुढची कथा सांगण्याचे प्रयोजन नाही. पश्चिमेचे वारे सुरू झाले की होडी निघत नाही, आणि होडी नाही म्हणजे धान्य नाही. धड निवारा नव्हता. ज्वर व अतिसार सुरू झाले. त्यांत ताडीमाडीची भर. काही वर्षांनी या किनाऱ्यावर आलेल्या डॉक्टर जॉन फ्रायरने मृत्यूचा बराच दोष त्यांच्या व्यसनांवर ठेवला आहे. आम्हांला तो निवाडा कठोर वाटतो. ज्यांना दोन देशांच्या मुत्सद्द्यांनी एका खडकावर टाकून दिले, त्यांनी दारूत विसावा शोधला असेल तर मूळ दोष कोणाचा? एप्रिल १६६४ मध्ये खुद्द शिपमनही तेथेच वारला. मृत्युपत्राने त्याने आपले अधिकार चिटणीस हंफ्री कुक याच्याकडे सोपविले.

याच सुमारास इकडे सुरतेत काय चालले होते? ५ जानेवारी १६६४ रोजी गणदेवीवरून येऊन शिवाजीमहाराज उधन्यास थडकले. आम्ही राहतो ते भेस्तान उधन्याच्या दक्षिणेचे लगतचे स्थानक. तेव्हा मराठी घोडदळ आमच्या आजच्या वस्तीच्या आसपासच्याच शिवारांतून गेले असले पाहिजे, असा तर्क करण्यास हरकत नाही. मोगल सुभेदार किल्ल्यात लपला. ऑक्झेंडनने वखार लढवून राखली खरी, पण जहाजावरचे खलाशी आणून. राजाची ती पलटण सुवाळीस असती तर प्रसंग कसा वळला असता, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. ती मात्र त्या वेळी अंजदीवच्या वाळूत थडगी खणत होती.

शिपमनच्या नावे ताब्याचा नवा हुकूम आला तो त्याच्या मृत्यूनंतर. मृताच्या नावचा अधिकार मृत्युपत्राने दुसऱ्याकडे जातो काय? गोव्याच्या न्यायाधीशांनी कागद तपासले आणि कुकचा हक्क मान्य झाला. १४ जानेवारी १६६५ रोजी पणजीस करार झाला. पोर्तुगीजांस हवे ते बहुतेक सर्व कुकने लिहून दिले. १८ फेब्रुवारीस मुंबईत दोना इग्नेस द मिरांडा हिच्या वाड्यात ताबा देण्याचा विधी पार पडला. कुकने बेटाची माती व दगड हातात घेतले, तटावरून तो चालला, आणि कब्जा पुरा झाला. या विधीस उभे राहण्यास साधे शिपाई उरले होते अवघे ९७. वर थोडे नाईक, हवालदार व तोफची. चारपाचशेंतून एवढेच. चार्ल्सने कुकचा करार नापसंत केला, पण बेट ठेवले; आणि १६६८ त सालीना दहा पौंड भाड्याने ते कंपनीस देऊन टाकले. योगायोग असा की त्याच फेब्रुवारी १६६५ त बसरूरच्या मोहिमेहून परतताना महाराज गोकर्णाचे स्नान करून अंकोल्यावरून कारवारास आले होते, आणि तेथील इंग्रज वखारीलाही खंडणीत वाटा उचलावा लागला.

पुढील इतिहास थोडक्यात. १६८२ त संभाजीमहाराजांचा या बेटावर डोळा आहे असे दिसताच पोर्तुगीजांनी ते बळकावून तटबंदी केली. मग पावणेतीनशे वर्षे ते त्यांचेच राहिले. नोव्हेंबर १९६१ मध्ये तेथून ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला; आणि १८ डिसेंबरास भारतीय नौदलाची ‘त्रिशूल’ व ‘म्हैसूर’ ही जहाजे आली. पांढरे निशाण दिसल्यावर आपले नौसैनिक किनाऱ्यावर उतरले, आणि त्यांच्यावर गोळ्या चालविण्यात आल्या. सात जण पडले. 

आज अंजदीव कारवारच्या नौदल तळाचा भाग आहे. लाटा अडविणाऱ्या दगडी बांधाने ते किनाऱ्यास जोडले गेले आहे. सामान्य यात्रेकरूस तेथे प्रवेश नाही. कागदोपत्री बेट गोव्याचे, समोरचा किनारा कर्नाटकाचा, देवी अंकोल्यात, आणि तिचे कुळावी मुंबईपासून आमच्या सुरतेपर्यंत पांगलेले. संरक्षणाच्या गरजेपुढे दर्शनाचा आग्रह धरावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु १४९८ च्या त्या नोंदीतील घडीव दगडांचे टाके आणि देवालयाचे चिरे यांची पुरातत्त्वज्ञांकडून पाहणी व्हावी, छायाचित्रे घेतली जावीत आणि त्यांची एक प्रत अंकोल्याच्या देवस्थानास मिळावी, एवढी विनंती नौदलास करता येईल. अर्जाचा मसुदा करून देण्यास आम्ही तयार आहोत. देवस्थान मंडळींनी तो आपल्या सहीशिक्क्याने पाठवावा.