माळावरची झोपडी आणि उंबऱ्याआतला चैत्र

१८९६ साली मुंबईत आलेली प्लेगची साथ पुढे आमच्या करवीर संस्थानातही शिरली. घरात उंदीर पडू लागले, की माणसे दाराला कुलूप घालून गावाबाहेर माळावर झोपड्यांत राहत. उंदरांवरच्या पिसवा रोग पसरवीत. तेव्हा घर सोडणे हेच शहाणपण होते. २०२० च्या चैत्रात नेमके उलटे झाले. करोना माणसाच्या श्वासातून येई. म्हणून उंबऱ्याआत राहायचे. कायदा मात्र तोच, १८९७ चा!

२५ मार्चला पाडवा आणि देशभरची टाळेबंदी एकाच दिवशी आली. गुढी उभारली, कडुलिंब खाल्ला. आमच्या दहावीच्या मुलांचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर यात्रा भरली नाही, सासनकाठ्या नाचल्या नाहीत. आईने देव्हाऱ्यापुढेच गुलाल वाहिला.

त्याच महिन्यात मुंबईची मावशी गेली. आईला बहिणीचे तोंडही पाहता आले नाही. माळावरच्या झोपडीत निदान चार माणसे जवळ तरी येत असतील, असे त्या दिवशी मनात आले. दहाव्या दिवशी आईने परड्यात घास ठेवला. कावळा लगेच शिवला.

“राग नाही बघ तिचा,” आई म्हणाली.