चिप आणि भोंगा

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. शेजारीच सातारा जिल्ह्यातील कऱ्हाड तालुका; १९४९ पर्यंत हा भागही सातारा जिल्ह्यातच होता. ऑगस्ट २०२२ मध्ये या गावाने एक निर्णय घेतला. रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजायचा. त्यानंतर दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचे. साडेआठला पुन्हा भोंगा, की मोकळीक. करोनाकाळात मोबाइलवर शाळा भरली. शाळा पुन्हा सुरू झाल्या, पण मोबाइल हातातून सुटेना, हे त्यामागचे कारण होते.

हाच प्रश्न जगाने आधी दुसऱ्या मार्गाने सोडवून पाहिला होता. तो इतिहास आपण पाहू.

६ डिसेंबर १९८९ रोजी कॅनडातील माँट्रियल येथे एका अभियांत्रिकी महाविद्यालयात एका माथेफिरूने १४ स्त्रियांची हत्या केली. त्या घटनेने अस्वस्थ झालेल्या टिम कॉलिंग्ज या अभियंत्याने, पडद्यावरची हिंसा मुलांपासून दूर ठेवता येईल का, यावर काम सुरू केले. त्यातून व्ही-चिप तयार झाली.

तिची युक्ती साधी आहे. जुन्या संचात इलेक्ट्रॉनांचा झोत पडदा ओळीओळीने रंगवत खाली येई आणि पुन्हा वर जाई. वर जाण्याच्या त्या क्षणभरात चित्र नसते. अमेरिकी पद्धतीच्या ५२५ ओळींपैकी एकविसावी ओळ या रिकाम्या जागेत येते. बहिऱ्यांसाठीची उपशीर्षके तिच्यातूनच पाठवत. त्याच ओळीतून कार्यक्रमाची श्रेणीही पाठवली जाऊ लागली. पालकांनी ठरवलेल्या मर्यादेशी चिप ती ताडून पाही. श्रेणी मर्यादेपलीकडची असेल तर पडदा कोरा! १९९६ साली अमेरिकेत याचा कायदा झाला आणि १ जानेवारी २००० पासून तेथे १३ इंच वा त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या संचात ही चिप सक्तीची झाली.

पण ती वापरणारे पालक थोडेच निघाले. आपल्या संचात अशी काही सोय आहे, हेच अनेकांना ठाऊक नव्हते. शिवाय चिपला हिंसा कळत नाही, चिठ्ठी कळते; आणि चिठ्ठी माणसालाच लिहावी लागते.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ साली सुरू झाले. एकच वाहिनी होती तेव्हा निवड केंद्रच करी. १९९१ नंतर केबलवरून उपग्रह वाहिन्या आल्या आणि निवड घरावर येऊन पडली. इंटरनेटवरील चित्रमालिकांसाठी २०२१ च्या नियमांनी वयानुसार श्रेणी ठरवल्या; १३ वर्षांवरील व त्यापुढच्या श्रेणींसाठी पालक-कुलपाची सोय बंधनकारक केली. मात्र अनेक घरांत ते कुलूप लावायला आईवडील मुलालाच बोलावतात!

भोंग्याला तर चांगले-वाईट मुळीच कळत नाही. तो विज्ञानाचा कार्यक्रमही बंद करतो. मग त्याचे वेगळेपण कशात? चिप फक्त मुलाला अडवते. भोंगा आईची मालिका आणि वडिलांचा मोबाइलही थांबवतो. म्हणूनच वडगावात आशा व अंगणवाडी कार्यकर्त्या, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले. आधी मोठ्यांना पटवावे लागले.

दोन्ही उपायांना मर्यादा आहेत. दीड तास संपतो, कुलपाचा आकडा फुटतो. त्यानंतर मुलाजवळ उरते ती स्वतःची पारख. ती कोणत्याही ओळीतून पाठवता येत नाही. पाहिलेल्या कार्यक्रमाविषयी वर्गात मोकळेपणी बोलणे, ‘यातले खरे काय, खोटे काय?’ असे विचारणे, हे काम शेवटी आपल्याकडेच येते.