वृत्तमाध्यमे आणि दहशतवाद : १९०८ ते २००८

दहशतवादाला प्रसिद्धी हवी असते आणि वृत्तमाध्यमांना वाचक-प्रेक्षक. या संबंधाचा महाराष्ट्रातील इतिहास शतकाहून जुना आहे. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे बॉम्बस्फोट झाला. परकीय सरकारने तो अत्याचार ठरविला. अनेक भारतीयांनी त्यास क्रांतिकार्य मानले. पुण्याच्या ‘केसरी’ने त्याची कारणे सरकारच्या दडपशाहीत शोधली. जून १९०८ मध्ये वृत्तपत्रांविरुद्ध नवा कायदा झाला, तर २२ जुलै रोजी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षे हद्दपारीची शिक्षा सुनावण्यात आली.

शंभर वर्षांनंतर, २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला. त्यात १६६ जणांनी प्राण गमावले. वाहिन्यांनी सुरक्षा दलांच्या हालचाली थेट दाखविल्या. पाकिस्तानातील सूत्रधार ही दृश्ये पाहून दूरध्वनीवरून हल्लेखोरांना सूचना देत होते. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर कठोर टीका केली. २०१५ मध्ये अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणास नियमाने बंदी आली आणि कारवाई संपेपर्यंत वार्तांकन नियुक्त अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीपुरते मर्यादित झाले.

दोन्ही प्रसंगांनंतर नियंत्रण आले. मात्र त्यांचे स्वरूप भिन्न होते. १९०८ मध्ये शिक्षा मताला झाली, २००८ मध्ये आक्षेप दृश्याच्या वेळेवर होता. कारवाईचे दृश्य काही तास रोखल्याने जीव वाचू शकतात. कारणमीमांसा रोखल्याने केवळ सत्तेची सोय होते. हा भेद माध्यमांनी स्वतः पाळला नाही, तर तो ठरविण्याचा अधिकार शासनाकडे जातो, हेच या इतिहासाचे सार होय.