डाखकामातील नायट्रोजन वातावरण
मुद्रित मंडलावर (विद्युत् निरोधक फलकावर तांब्याच्या पट्ट्यांनी आखलेल्या मंडलावर) घटक डाखाने जोडताना तापलेल्या भागातील हवा काढून तिच्या जागी नायट्रोजन भरतात व त्यात उरलेल्या ऑक्सिजनाचे प्रमाण ठराविक मर्यादेत राखतात. या पद्धतीचा प्रसार १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून झाला.

वितळलेला डाख तांब्यावर पसरून चिकटण्यासाठी दोन्ही पृष्ठे ऑक्साइडमुक्त असावी लागतात. भांड्यांना कल्हई करणारे कारागीर तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकतात, त्यामागील तत्त्व हेच होय. नवसागराचे अवशेष धातू खात असल्याने नाजूक मंडलात तो चालत नाही. तेथे राळेपासून केलेला अभिवाह (ऑक्साइड काढून टाकणारा पदार्थ) वापरतात. नायट्रोजन हा अभिवाहाची जागा घेऊ शकत नाही. असलेले ऑक्साइड तो काढीत नाही, नवे तयार होऊ देत नाही, एवढेच. हा भेद पुष्कळदा दुर्लक्षिला जातो.

इतिहास : पॉल आइस्लर यांनी १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये मुद्रित मंडलाची कल्पना प्रत्यक्षात आणली. १९५० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये तरंग-डाखकाम पुढे आले. यात वितळलेल्या डाखाच्या उसळत्या लाटेवरून फलक नेला की, त्यावरील सर्व सांधे एका फेरीत जोडले जातात. लाट उघड्या हवेत असल्याने पृष्ठावर सतत मळी साचे व तीत ऑक्साइडापेक्षा अडकून पडलेला चांगला धातूच अधिक असे. तरीही कारखान्यांनी हा तोटा सुमारे तीन दशके सोसला. पुरेसा तीव्र अभिवाह लावावा व मागे राहिलेले अवशेष सीएफसी-११३ या विद्रावकाने धुऊन टाकावेत, हा मार्ग सोपा होता. हा विद्रावक पेट घेत नसे, लवकर वाळे व फलकावरील प्लॅस्टिकला सहसा अपाय करीत नसे.

या सोयीला धक्का बसला तो वातावरणविज्ञानाकडून. अशी क्लोरोफ्ल्युओरोकार्बने ओझोन थराचा नाश करतात, असे मोलिना व रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखविले. अंटार्क्टिकावरील ओझोनाची मोठी घट १९८५ मध्ये जाहीर झाली आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रिऑल करारावर सह्या झाल्या. पुढील दुरुस्त्यांनुसार विकसित देशांनी या द्रव्यांचे उत्पादन १९९५ अखेर जवळजवळ बंद केले. धुण्याचे साधनच जाणार म्हटल्यावर, न धुता ठेवता येतील इतके अल्प अवशेष सोडणारे सौम्य अभिवाह पुढे आले. परंतु हवेत त्यांचा जोर अपुरा पडे. ही उणीव नायट्रोजनाने भरून काढली. सर्वच कारखाने मात्र इकडे वळले नाहीत. कित्येकांनी पाण्यात विरघळणारा अभिवाह व पाण्याची धुलाई पत्करली.

१ जुलै २००६ पासून यूरोपीय संघाने इलेक्ट्रॉनीय उपकरणांतील शिशावर निर्बंध घातले. ६३ टक्के कथिल व ३७ टक्के शिसे असलेला जुना डाख १८३° से.ला वितळे; कथिल, चांदी व तांबे यांच्या नव्या डाखाला सुमारे २१७° से. लागतात. शिवाय तो तांब्यावर कमी सहजतेने पसरतो. त्यामुळे नायट्रोजनाची गरज वाढली.

ऑक्सिजनाचे प्रमाण : हवेत दर दशलक्ष भागांत सुमारे २,०९,००० भाग ऑक्सिजन असतो. भट्टीत तो ५०० ते १,००० भागांवर आणला तरी बहुतेक कामे भागतात. ‘जितका कमी तितका चांगला’ हा समज खर्चिक तर आहेच, शिवाय चुकीचाही आहे. ऑक्सिजन फार कमी झाल्यास डाख इतक्या झपाट्याने पसरतो की, चिमुकल्या घटकाचे एक टोक आधी ओढले जाऊन तो थडग्यावरील शिळेसारखा उभा राहतो व दुसरा सांधा सुटतो.

मापनासाठी सु. ७००° से.पर्यंत तापविलेला झिर्कोनियम ऑक्साइडाचा घट वापरतात. त्याच्या दोन बाजूंच्या ऑक्सिजन दाबांतील फरकानुसार विद्युत् दाब निर्माण होतो. भट्टीतून ओढलेल्या नमुन्यात अभिवाहाची वाफ असेल, तर ती या तप्त घटावर जळते, ऑक्सिजन खर्ची पडतो व प्रमाण खऱ्यापेक्षा कमी दिसते. म्हणून नमुना आधी गाळून घेतात.

द्रवरूप हवेच्या ऊर्ध्वपातनाने मिळणाऱ्या नायट्रोजनात दशलक्षात १० भागांहूनही कमी ऑक्सिजन राखता येतो. कार्बनी आण्वीय चाळणीने कारखान्यातच वेगळा केलेला नायट्रोजन सामान्यतः कमी शुद्ध, पण स्वस्त पडतो. या वायूला वास नसल्याने गळती कळत नाही; म्हणून बंदिस्त जागेत ऑक्सिजन १९·५ टक्क्यांखाली गेल्यास इशारा देणारे उपकरण बसवितात.