शिवराईची पारख

सातारा-सांगलीकडे जुना वाडा उतरवताना एखादी शिवराई निघाली की घरात लगेच लाखांच्या गोष्टी सुरू होतात. जाणकार मात्र ती उलटीपालटी करून आधी अक्षरे बघतो. जुने नाणे दुर्मीळ असतेच असे नाही, आणि शिवराई हा त्याचा ठळक दाखला.

१६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई निघाली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, कडेने ठिपक्यांचे वर्तुळ. १७०८ मध्ये शाहू महाराज साताऱ्याच्या गादीवर बसले, पुढे पेशवाई आली, तरी हाच मजकूर चालत राहिला. ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली ‘दुदांडी’ ही या उत्तरकाळातली. त्यामुळे आज मिळणाऱ्या बहुतेक शिवराया शिवाजी महाराजांच्या नंतरच्या आहेत आणि भरपूर आहेत.

त्या काळी पारख पोतदाराची आणि सराफाची. त्याला मजकुराशी देणेघेणे नव्हते. तो धातूचा कस आणि वजन बघे, झिजलेल्या रुपयावर बट्टा कापे. मिरजेच्या टांकसाळीचा रुपया फारसी अक्षरांत ‘मुर्तजाबाद’ म्हणून पडे, त्यालाही हाच न्याय.

अक्षरांकडे नजर वळवली ती अभ्यासकांनी. रेव्हरंड ॲबट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हजारो शिवराया तपासून ‘शिव’, ‘सिव’, ‘सीव’ असे लेखनभेद आणि बारीक चिन्हे नोंदवून ठेवली. संग्राहक आजही तेच बघतात. ‘शिव’ऐवजी ‘शंभु’ किंवा ‘राम’ वाचता आले, तर नाणे खरोखर दुर्मीळ.

स्थितीचा हिशेब निराळा. ठसा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असे आणि घाव हातोड्याचा, म्हणून कुठे ‘श्री’ कापली जाई, तर कुठे ठिपके. शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकी सेंटसाठी मांडलेली सत्तर गुणांची मोजपट्टी आता जगभर चालते. ती मुख्यतः झीज मोजते. शिवराईत झिजेइतकाच भाव पूर्ण उमटलेल्या अक्षरांना. चिंचेने घासून लख्ख केलेल्या नाण्याची किंमत मात्र हमखास उतरते, कारण जुन्या तांब्याचा रंग पुन्हा चढवता येत नाही.

आणि जमिनीतून नाणी निघाली, तर पारखी नंतर गाठावा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांवरचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.