परवान्याचा कागद

स्वदेश सोडून पोटासाठी परमुलखी निघालेल्या मनुष्यास आज पहिली चिंता कागदांची असते. पारपत्र हवे, प्रवेशाची परवानगी हवी आणि त्या देशात काम करण्याचा परवानाही हवा. परवाना हाती असलेला मनुष्य सुरक्षित आणि नसलेला उघडा, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु इतिहासाचा निर्वाळा इतका सरळ नाही. कागद आहे की नाही, एवढेच पाहून भागत नाही. तो कोणाच्या सोयीसाठी लिहिला गेला, हेही पाहावे लागते. मॉरिशस बेटाची हकीकत या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. मुंबई बंदरातून गेलेली कोकणातील माणसेही तीत आहेत, तेव्हा ती आपणांस अगदीच परकी नव्हे.

1835 च्या फेब्रुवारीत त्या बेटावरील गुलामगिरी कायद्याने संपली. उसाचे मळे मात्र उभेच होते आणि मळेवाल्यांस हात हवे होते. त्याआधीच, 2 नोव्हेंबर 1834 रोजी, ‘अॅटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून 36 मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरास लागले होते. करार पाच वर्षांचा, वेतन दरमहा पाच रुपये, वर शिधा व कपडा. इंग्रजीतल्या ‘अॅग्रीमेंट’ची आमच्या लोकांच्या जिभेवर ‘गिरमिट’ झाली आणि करारावर अंगठा उठवणारा तो गिरमिटिया. पुढे 1910 पर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे या वाटेने त्या बेटावर उतरली. मळ्यावर एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचे वेतन कापले जाई. एवढ्या एका नियमावरून कराराचे पारडे कोणीकडे झुकले होते हे ध्यानात यावे.

तथापि गिरमिटीस निदान शेवट होता. मुदत भरली म्हणजे मनुष्य मोकळा झाला, अशी त्याची समजूत असे. कोणी भाजीपाला पिकवू लागे, कोणी फेरीवाला होई, कोणी रोजंदारीवर जाई. अशांस तेथे ‘जुने मजूर’ म्हणत. मळेवाल्यांना हीच गोष्ट खुपू लागली. ज्यास दुसरीकडे पोट भरता येते तो पुन्हा करारावर अंगठा कशास उठवील? अशा स्थितीत 1867 साली एक कायदा झाला. प्रत्येक जुन्या मजुराने स्वतःचे छायाचित्र लावलेले ओळखपत्र बाळगावे. शिवाय तो कोठे राहतो व काय काम करतो हे दाखवणारा पोलिसांचा परवानाही जवळ ठेवावा. एका जिल्ह्यातून दुसऱ्यात राहावयास गेल्यास पोलिसांत जाऊन नोंद बदलून घ्यावी. कागद दाखवता आला नाही तर तो मनुष्य भटक्या ठरून पकडला जाई.

छायाचित्र काढून घेणे ही त्या काळी आपल्याकडे सरदार-सावकारांची हौस होती. तीच गोष्ट समुद्रापलीकडे मळ्यातल्या मजुरावर सक्तीने लादली गेली, आणि तीही त्याला सहज अडवता यावे म्हणून! कामधंदा करून निर्वाह करणारा, कोणाचे देणे न लागणारा मनुष्यही खिशातला कागद घरी विसरला म्हणून रस्त्यावरून चौकीवर नेला जाई. या रोजच्या धाकास कंटाळून अनेकांस पुन्हा मळ्याचा करार पत्करणेच सोयीचे वाटे. आमच्या समजुतीने कायद्याचा खरा हेतू येथेच उघड होतो. परवाना काम मिळवून देण्यासाठी नव्हता. मनुष्याने आपले काम आपण निवडू नये, यासाठी तो होता.

याविरुद्ध पहिला मोठा आवाज एका मळ्याच्या व्यवस्थापकाने उठवला, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. अॅडॉल्फ द प्लेव्हित्झ या युरोपीय गृहस्थाने जुन्या मजुरांची गाऱ्हाणी लिहून काढली आणि 1871 साली 9,401 जणांच्या सह्या-अंगठ्यांनिशी तो अर्ज गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांस सादर केला. मळेवाले इतके खवळले की त्याला बेटाबाहेर घालवण्याची मागणी त्यांनी केली. परंतु अर्ज वाया गेला नाही. 1872 साली फ्रियर व विल्यमसन यांचे शाही चौकशी मंडळ आले. 1875 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने पोलिसी जाचाच्या तक्रारी बऱ्याच अंशी खऱ्या ठरवल्या आणि 1878 साली मजुरांचा कायदा नव्याने झाला. जाच कमी झाला. गिरमिट मात्र चालूच राहिली.

तिच्या मुळावर घाव घालण्याचे काम पुढे आमच्याच एका पुरुषाने हाती घेतले. 1910 साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी नाताळकडे होणारी मजूरभरती बंद करण्याचा ठराव वरिष्ठ कायदे कौन्सिलात मांडला आणि सरकारला तो मानावा लागला. 1912 च्या मार्चमध्ये त्यांनी सगळीच गिरमिट बंद करावी असा ठराव आणला. तो 22 विरुद्ध 33 मतांनी पडला. जेथे एक पक्ष निरक्षर आणि दुसऱ्याच्या पाठीशी सरकार, तेथे करार हा शब्दच फसवा, हा त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ होता. 1917 साली भरती थांबली, ते पाहावयास गोखले हयात नव्हते.

आता गिरमिट इतिहासजमा झाली आहे. परंतु तिच्यातील गाठ अजून पुरती सुटलेली नाही. आखाती देशांत परक्या कामगाराचा परवाना दीर्घकाळ एका मालकाच्या नावाशी जखडलेला असे. त्याच्या संमतीवाचून नोकरी बदलणे दुरापास्त. कतारने ही संमतीची अट 2020 साली कायद्यातून काढली. परंतु कायद्याची अक्षरे बदलली म्हणजे बराकीतल्या मनुष्याची भीती त्याच दिवशी जाते असे नाही. त्याचे पारपत्र त्याच्या पेटीत आहे की मालकाच्या कपाटात, हे विचारल्यावाचून त्याची खरी स्थिती कळत नाही.

आम्ही महाराष्ट्राबाहेर राहणारी मराठी माणसे. आमच्यापैकी कोणाचे पूर्वज लष्कराबरोबर, कोणाचे दरबारी चाकरीस, तर कोणी स्वतःच कारकुनीच्या शोधात दूरच्या शहरी येऊन पोहोचले. भारतात कोठेही राहण्याचा व उद्योग करण्याचा हक्क राज्यघटनेने आम्हांस दिला आहे. त्याची किंमत ज्यांस तो नाही त्यांच्याकडे पाहिल्यावर कळते.

मॉरिशसमधील मोका येथे महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांच्या नोंदवह्या व छायाचित्रे जपून ठेवलेली आहेत. त्यांचे वंशज आज तेथे जाऊन पणजोबांचे नाव, क्रमांक आणि गाव शोधतात. ज्या नोंदी मनुष्यास अडवण्याकरिता केल्या गेल्या, त्यांतच नातवंडांना आपले घर सापडावे, हा काळाचा न्याय म्हणावयाचा. पण त्या चित्रांतल्या माणसांस हा न्याय मिळाला नाही, हेही आपण विसरू नये.