हवेवरची गाडी कुठे अडली?

यवतमाळात पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरला कधी हात लावलाय? मी लावला, चटकाच बसला. आजची गोष्ट त्या चटक्याची.

हवेवर वाहन चालवणं नवं नाही. फ्रान्समधल्या नान्त शहरात १८७९ पासून दाबलेल्या हवेवर ट्राम धावायच्या. २००७ मध्ये टाटा मोटर्सने गी नेग्र यांच्या एमडीआय कंपनीशी करार केला. ती बातमी वाचून आमचे बाबा म्हणाले, "आता पेट्रोलची कटकट मिटली!" २०१२ मध्ये पहिला टप्पा पूर्ण झाल्याचं जाहीरही झालं. पण २०२० मध्ये टाटांनी आणली ती बॅटरीवरची नेक्सॉन.

असं का? हवा फुकट, पण ती दाबायला वीज लागतेच. दाबताना हवा तापते आणि ती उष्णता वाया जाते. तोच माझा चटका! ३०० लिटरच्या टाकीत ३०० बार दाबाची हवा भरली, तरी कागदावर जास्तीत जास्त १४ युनिट ऊर्जा मिळते. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण इंजिनात सुटताना हवा गारठते आणि जोर घटतो. त्या नेक्सॉनच्या बॅटरीत ३० युनिट मावायचे.

यवतमाळहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. तिथवर जायचं तर मी बॅटरीच निवडेन. बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे कटकट मिटली, पण हवेनं नाही."